स्वमग्न आणि कृष्णवर्णीय: अमेरिकेत स्वीकार कोणाच्या वाट्याला येतो?

धागा: रेवा_मेरीलँड

अमेरिकेतील स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) इतिहास सांगायचा म्हटले की मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावाचे नाव हटकून येते. डोनाल्ड ट्रिपलेट १९३३ साली तिथे जन्मले. वडील वकील आणि आईच्या माहेरची बँक, असे ते सुखवस्तू घर होते. मुलगा माणसांकडे पाहत नाही, वस्तू गरागरा फिरवत बसतो, आकड्यांत रमतो, हे सगळे वडिलांनी ३३ पानांच्या पत्रात नोंदवले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना पाठवले. १९३८ साली ते मुलाला घेऊन स्वतः तिथे गेले. कॅनर यांच्या १९४३ च्या ज्या निबंधामुळे स्वमग्नता हे निदान वैद्यकात रूढ झाले, त्यातील ११ मुलांपैकी पहिला मुलगा हाच. पुढे ट्रिपलेट यांनी पदवी घेतली, घरच्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळले, एकट्याने परदेशप्रवास केले आणि २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी वारले. गावाने त्यांचा विक्षिप्तपणा सहज चालवून घेतला, त्यांची कोणी थट्टा करू लागले तर गावकरी आडवे आले, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. स्वीकार म्हणतात तो असा असतो, आणि तो शक्य आहे, याचा हा पुरावा आहे.

परंतु त्याच मिसिसिपीत, त्याच दशकांत, कृष्णवर्णीयांसाठी शाळा, दवाखान्यातील दालन आणि बसमधील आसनसुद्धा वेगळे होते. तिथल्या एखाद्या कृष्णवर्णीय घरातही वस्तू फिरवत बसणारा मुलगा असणारच. त्याच्या वडिलांचे पत्र बाल्टिमोरला पोहोचण्याची शक्यता किती होती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. कॅनर यांच्या ११ मुलांत एकही कृष्णवर्णीय मूल नव्हते, आणि ते ज्या शहरात बसून लिहीत होते त्या बाल्टिमोरमध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती तेव्हाही मोठी होती. आपल्याकडे आलेल्या मुलांचे पालक फार बुद्धिमान आहेत, असे कॅनर यांनी नमूद केले. दवाखान्याची पायरी कोण चढू शकतो याचा विचार न करता त्या नोंदीवरून वैद्यकाने असा ग्रह करून घेतला की हा सुशिक्षित गोऱ्या कुटुंबांचा विकार आहे. पुढे ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून आईच्या भावनिक थंडपणाला दोषी धरणारी उपपत्ती लोकप्रिय केली आणि गोऱ्या मातांच्या माथी अन्याय्य दोष आला. कृष्णवर्णीय मातांच्या वाट्याला मात्र तो दोषदेखील आला नाही. तुमचे मूल स्वमग्न असूच शकत नाही, तुम्ही त्या वर्गातल्या नाही, असे डॉक्टरांनी ऐकवल्याचे त्या पिढीतील कृष्णवर्णीय आईने २००२ च्या एका माहितीपटात सांगितले आहे.

मी मेरीलँडमधील सार्वजनिक शाळांत वाचा-उपचारक म्हणून काम करते. शाळेचे नाव अर्थातच देणार नाही. काही काळापूर्वी माझ्याकडे एका कृष्णवर्णीय मुलाची जाडजूड फाईल आली. त्यात शिक्षकांच्या तक्रारी होत्या: उलट उत्तर देतो, शिक्षिकेची नक्कल करतो, मुद्दाम चिडवतो. मी वर्गात मागे बसून ऐकले. शिक्षिका म्हणाल्या, ‘वही उघड आणि शांत बस.’ मुलाने त्याच सुरात, त्याच चढ-उतारांसह, अगदी शेवटचा हेल धरून तेच वाक्य परत म्हटले आणि वही उघडली. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारून त्याचा अर्थ लावणे हे स्वमग्न मुलांच्या भाषाविकासातील अत्यंत परिचित लक्षण आहे, आमच्या अभ्यासक्रमात ते पहिल्याच सत्रात शिकवतात. तरी वर्षानुवर्षे त्या फाईलमध्ये हे लक्षण ‘उद्धटपणा’ या नावाने नोंदवले जात होते. त्याने सूचना पाळली होती, वही उघडली होती, ही गोष्ट एकाही नोंदीत नव्हती.

माझे म्हणणे एवढेच आहे. स्वमग्न माणसाला समाजाने स्वीकारावे, असे आपण म्हणतो तेव्हा समोरचे वर्तन स्वमग्नतेचे आहे हे पाहणाऱ्याला दिसेल असे गृहीत धरतो. कृष्णवर्णीय मुलाच्या बाबतीत पाहणाऱ्याला आधी रंग दिसतो आणि वर्तनाचा अर्थ त्या रंगावरून ठरतो. गोऱ्या मुलाचे हात फडफडवणे ही वेगळेपणाची खूण ठरते आणि कृष्णवर्णीय मुलाचे तेच करणे ही धमकी किंवा नशेची खूण ठरते. त्यामुळे निदानाच्या आकड्यांत समानता आली तरी विषमता संपत नाही. ती दवाखान्यातून शाळेत आणि शाळेतून रस्त्यावर सरकते.

आकडे पाहू. अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, ठरावीक राज्यांतील आठ वर्षांच्या मुलांची मोजणी करते. पूर्वी या मोजणीत गोऱ्या मुलांचे प्रमाण नेहमी अधिक दिसे. २०१६ च्या मोजणीत गोरी आणि कृष्णवर्णीय मुले प्रथमच बरोबरीला आली. २०२० च्या मोजणीत दर हजारी गोरी मुले २४.३ आणि कृष्णवर्णीय मुले २९.३ असे चित्र उलटले. अनेकांनी याला यश म्हटले, आणि काही अंशी ते आहेच. पण त्याच अहवालात दुसरा आकडा आहे. निदान झालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी ५०.८ टक्के मुलांना बौद्धिक अक्षमताही होती, गोऱ्या मुलांत हे प्रमाण ३१.८ टक्के होते. याची कारणे अनेक सांगितली जातात. त्यातले मला सर्वांत पटणारे कारण असे की ज्या कृष्णवर्णीय मुलांची लक्षणे ठळक आहेत तीच या मोजणीत येतात, बोलकी आणि वर्गात कसेबसे निभावून नेणारी मुले अजूनही ‘वात्रट’ या सदरातच बसलेली आहेत.

चर्चा मूळ विषयाला धरून व्हावी, ही विनंती.

प्रतिसाद: निरंजन_७२

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण एक मूलभूत शंका आहे. आपण ज्याला वर्णभेद म्हणत आहात तो प्रत्यक्षात आर्थिक भेद असण्याची शक्यता आपण तपासली आहे काय? अमेरिकेत चांगला विमा नसेल तर तज्ज्ञांपर्यंत पोहोचताच येत नाही, हे सर्वज्ञात आहे. गरीब गोऱ्या कुटुंबांचीही तीच रड असणार. मग प्रत्येक गोष्टीत वर्ण आणण्याने मूळ प्रश्न, म्हणजे महाग वैद्यकीय सेवा, बाजूला पडत नाही काय?

प्रतिसाद: रेवा_मेरीलँड

निरंजनजी, शंका रास्त आहे आणि संशोधकांनी ती आपल्याआधी विचारलेली आहे. डेव्हिड मँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली फिलाडेल्फियातील ४०६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही सर्व मुले मेडिकेडवर होती, म्हणजे अल्प उत्पन्न गटासाठी असलेल्या सरकारी विम्यावर. शहर तेच आणि विमाही तोच. तरीही गोऱ्या मुलांचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी झाले आणि कृष्णवर्णीय मुलांचे ७.९ व्या वर्षी. निदान हाती येईपर्यंत कृष्णवर्णीय मुलांना सुमारे तिप्पट भेटी द्याव्या लागल्या. म्हणजे ती मुले दवाखान्यात पोहोचत नव्हती असे नाही. ती वारंवार पोहोचत होती आणि तिथे बसलेल्या माणसाला ती दिसत नव्हती.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल, म्हणून अलीकडचे सांगते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील जॉन कॉन्स्टँटिनो यांच्या गटाने २०२० साली ५८४ कृष्णवर्णीय स्वमग्न मुलांची माहिती प्रसिद्ध केली. निदानाचे सरासरी वय ६४.९ महिने, म्हणजे जवळजवळ साडेपाच वर्षे. आणि पालकांनी पहिल्यांदा काळजी व्यक्त केली तेव्हापासून निदानापर्यंत गेलेला काळ सरासरी ४२.३ महिने, म्हणजे साडेतीन वर्षे. यातील बहुतेक कुटुंबांकडे विमा होता. ‘कृष्णवर्णीय पालकांना जाणीव नसते’ हे वाक्य मी कर्मचाऱ्यांच्या बैठकीत अजूनही ऐकते. त्या पालकांना मूल दोन वर्षांचे असतानाच जाणीव झालेली असते, हे या एका आकड्यावरून स्पष्ट आहे. पैशाचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारत नाही, परंतु पैशाचा भाग वजा केल्यावरही बाकी उरते.

प्रतिसाद: डॉ_सुमेध

मी पुण्यात मानसोपचार करतो आणि प्रशिक्षणाचा काही काळ अमेरिकेत होतो. डॉक्टरच्या खोलीत नेमके काय घडते, याविषयी थोडे लिहितो.

स्वमग्नतेसाठी रक्तचाचणी नाही, प्रतिमाचाचणी नाही. निदान हे निरीक्षण आणि पालकांनी सांगितलेला इतिहास यांवरच उभे असते. मूल नजरेला नजर देत नाही, एवढीच नोंद दहा वेगवेगळ्या निष्कर्षांकडे जाऊ शकते: लाजाळूपणा, भीती, आघात, अवज्ञा, लक्ष नसणे, स्वमग्नता. तज्ज्ञ यातला कोणता रस्ता आधी धरतो, हे त्याच्या मनात आधीपासून असलेल्या चित्रावर अवलंबून असते. मँडेल यांच्याच गटाचा २००७ चा अभ्यास या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पहिल्या भेटीत स्वमग्नतेचे निदान मिळण्याची शक्यता कृष्णवर्णीय मुलांत २.६ पटींनी कमी होती. जी मुले आधी दुसऱ्याच निदानाखाली होती त्यांत, अतिचंचलतेच्या निदानाशी तुलना करता, कृष्णवर्णीय मुलांना वर्तनविकाराचे निदान मिळण्याची शक्यता २.४ पट आणि समायोजन विकाराचे ५.१ पट होती.

सामान्य वाचकांसाठी याचा अर्थ सांगतो. वर्तनविकार म्हणजे दुसऱ्याचे हक्क पायदळी तुडवण्याची, नियम जाणूनबुजून मोडण्याची प्रवृत्ती. समायोजन विकार म्हणजे आयुष्यातील एखाद्या ताणाची प्रतिक्रिया, आणि मुलाच्या बाबतीत तो ताण बहुधा घरातला मानला जातो. पहिल्या निदानात मूल वाईट ठरते आणि दुसऱ्यात घर वाईट ठरते. दोन्हींत मुलाच्या मेंदूच्या घडणीकडे पाहिलेच जात नाही. आणि उपचारही त्यानुसार होतात. आवाजाने कासावीस होऊन कानांवर हात ठेवून किंचाळणाऱ्या मुलाला शिस्त लावण्याचा कार्यक्रम दिला तर ते अधिक किंचाळते, आणि वर्तनविकाराचे निदान बरोबरच होते असा समज पक्का होतो.

संशोधनातही हेच चक्र आहे. मेंदूतील विद्युतलहरी मोजणारी ईईजी टोपी दाट, कुरळ्या केसांवर नीट बसत नाही. इलेक्ट्रोड टाळूला टेकले नाहीत की नोंद खराब येते, आणि खराब नोंद असलेली मुले अभ्यासातून वगळली जातात. कार्नेगी मेलन विद्यापीठातील आर्नेल एटिएन या विद्यार्थिनीने डोक्यालगत सरळ ओळींत घट्ट वेण्या घालून त्यांच्या फटींत बसतील असे इलेक्ट्रोड तयार केले, ते २०२० च्या सुमारास. ईईजी दवाखान्यात वापरली जाऊ लागून तेव्हा कित्येक दशके लोटली होती.

प्रतिसाद: सानिका_एडिसन

मी न्यू जर्सीत राहते. माझा मुलगा स्वमग्न आहे, आता किशोरवयात आहे. त्याचे निदान तिसऱ्या वर्षाच्या आत झाले. यजमानांच्या कंपनीचा विमा चांगला होता, आणि डॉक्टरांना मी शंका बोलून दाखवली तेव्हा त्यांनी ती ताबडतोब मनावर घेतली. त्या वेळी मला ते स्वाभाविक वाटले.

आमच्या पालकगटात एक कृष्णवर्णीय मैत्रीण आहे, तिचा मुलगा माझ्या मुलाच्याच वयाचा आहे. दोघांनाही घरातून निघून जाण्याची सवय आहे. माझा मुलगा एकदा नाहीसा झाला तेव्हा मी पहिल्याच मिनिटाला ९११ हा आपत्कालीन क्रमांक फिरवला. पोलिसांनी त्याला शोधून, गाडीत बसवून, सायरनचे बटण दाबू देऊन घरी आणले. हा किस्सा मी गटात हसत सांगितला तेव्हा ती हसली नाही. ती म्हणाली की तिचा मुलगा निघून जातो तेव्हा ती आधी दीर, शेजारी आणि चर्चमधील माणसे यांना फोन करते, स्वतः गाडी काढते, आणि ९११ हा तिचा शेवटचा उपाय असतो. तिचा मुलगा सहा फूट उंच आहे, हूडी घालतो कारण टोपीचा दाब त्याला शांत करतो, प्रश्न विचारला तर उत्तर देत नाही आणि खिशात सतत एक रबरी चेंडू दाबत असतो. ‘यातली एकेक गोष्ट पोलीस कशी वाचेल ते तूच सांग,’ असे ती मला म्हणाली.

कृष्णवर्णीय घरांत मुलगा मोठा होऊ लागला की पोलिसांसमोर कसे वागायचे याचे धडे देतात, हे येथे राहणाऱ्या सर्वांना माहीत आहे. हात दिसतील असे ठेवायचे, अचानक हालचाल करायची नाही, विचारले तेवढे सांगायचे. तिने हे धडे चित्रांच्या कार्डांवर काढून मुलाकडून रोज घटवून घेतले आहेत. पण हात फडफडवणे हे त्याचे भीती शमवण्याचे साधन आहे आणि भीतीच्या क्षणी हात स्थिर ठेव असे ती त्याला शिकवते आहे. उपचारक सांगतात की त्याला फडफडू द्या, दाबू नका. ती म्हणते की घरात फडफड, बाहेर नको. स्वीकाराविषयीच्या माहितीपत्रकांत या अडचणीवर एक ओळही मला सापडली नाही.

प्रतिसाद: ॲड_मंजिरी

सानिकाताईंच्या मैत्रिणीची भीती निराधार नाही, हे न्यायालयीन नोंदींवरून दाखवता येते. मी येथे केवळ सार्वजनिक नोंदीतील प्रकरणांचा उल्लेख करते.

व्हर्जिनियातील स्टॅफर्ड परगण्यात २०१० च्या मे महिन्यात १८ वर्षांचा रेजिनाल्ड ‘नेली’ लॅट्सन हा स्वमग्न तरुण सार्वजनिक वाचनालय उघडण्याची वाट पाहत बाहेर हिरवळीवर बसला होता. कोणीतरी संशयास्पद इसम असल्याचे, कदाचित बंदूक असल्याचे कळवले. बंदूक नव्हती. पोलीस अधिकाऱ्याने नाव विचारले, त्याने सांगितले नाही, तो निघून जाऊ लागला, अधिकाऱ्याने त्याला पकडले, झटापट झाली आणि अधिकारी जखमी झाला. वाचनालयाबाहेर बसण्यापासून सुरू झालेले हे प्रकरण दोषसिद्धी, तुरुंग आणि दीर्घ एकांत कोठडी इथवर गेले. गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी जानेवारी २०१५ मध्ये सशर्त माफी दिली आणि राल्फ नॉर्दम यांनी जून २०२१ मध्ये पूर्ण माफी दिली. मधली अकरा वर्षे कोणी भरून देणार नाही.

इलिनॉयमधील कॅल्युमेट सिटी येथे १ फेब्रुवारी २०१२ रोजी १५ वर्षांच्या स्टीफन वॉट्सच्या घरच्यांनी मदतीसाठी पोलिसांना बोलावले. पोलीस त्या घरी पूर्वीही अनेकदा आले होते, मुलगा स्वमग्न आहे हे त्यांना ठाऊक होते. मुलाच्या हातात चाकू होता आणि पोलिसांनी त्याला त्याच्याच घरात गोळ्या घातल्या. कॅलिफोर्नियातील ॲपल व्हॅलीत मार्च २०२४ मध्ये १५ वर्षांच्या रायन गेनरच्या बाबतीत जवळपास तेच झाले. घरच्यांनी ९११ ला फोन केला होता आणि मुलाच्या हातात बागकामाचे अवजार होते.

आणखी एक प्रकरण पोलिसांचे नाही, उपचारांचे आहे. मॅसेच्युसेट्समधील कँटन येथील जज रोटेनबर्ग सेंटर या निवासी संस्थेत वर्तन सुधारण्यासाठी त्वचेला विजेचे झटके देण्याचे यंत्र वापरले जाते. २००२ साली आंद्रे मॅककॉलिन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय स्वमग्न तरुणाने अंगातील जॅकेट काढायला नकार दिला, त्यानंतर त्याला बांधून ३१ झटके देण्यात आले. त्याची चित्रफीत २०१२ साली न्यायालयात दाखवली गेली तेव्हा ती देशाने पाहिली. अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये या यंत्रावर बंदी घातली, २०२१ साली अपील न्यायालयाने ती रद्द केली, डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने प्रशासनाचा अधिकार कायद्याने स्पष्ट केला आणि २०२४ साली नव्या बंदीचा प्रस्ताव आला. एका जॅकेटवरून सुरू झालेल्या गोष्टीवर इतकी वर्षे निर्णय होत नाही, यावर भाष्य करण्याची मला इच्छा नाही.

प्रतिसाद: निरंजन_७२

मँडेल यांच्या अभ्यासाविषयी आभार. विमा समान असताना फरक उरतो, हे मला मान्य करावेच लागेल. मात्र पोलिसांच्या बाबतीत माझी वेगळी अडचण आहे. अधिकाऱ्याला काही सेकंदांत निर्णय घ्यायचा असतो. समोरचा माणूस स्वमग्न आहे हे त्याला कळणार कसे? मला वाटते, प्रशिक्षण आणि ओळखपत्र हा यावरचा व्यवहार्य मार्ग आहे. कनेक्टिकट राज्याने २०२० पासून स्वमग्न चालकांसाठी निळ्या लिफाफ्याची सोय केली आहे. परवाना आणि गाडीची कागदपत्रे त्यात ठेवायची आणि बाहेरच्या बाजूला पोलिसांसाठी सूचना छापलेल्या असतात. हे सर्वत्र का होऊ नये?

प्रतिसाद: ॲड_मंजिरी

लिफाफा चांगला आहे, तो असावा. पण तो काढण्यासाठी हात डॅशबोर्डच्या कप्प्याकडे न्यावा लागतो आणि कृष्णवर्णीय चालकाला नेमकी तीच हालचाल करू नकोस असे आयुष्यभर शिकवलेले असते. स्टीफन वॉट्सच्या प्रकरणात तर माहितीचा अभावच नव्हता. प्रश्न माहितीचा असता तर तो मुलगा जिवंत असता.

म्हणूनच त्याच्या बहिणीने आणि इलिनॉयमधील अपंग हक्क कार्यकर्त्यांनी प्रशिक्षणाऐवजी दुसरी मागणी केली: मानसिक किंवा वर्तनविषयक संकटात पोलीस पाठवूच नका, त्या कामाचे प्रशिक्षित लोक पाठवा. २०२१ साली तिथे तसा कायदा झाला आणि तो स्टीफन वॉट्सच्या नावाने ओळखला जातो. अंमलबजावणीच्या तारखा मात्र पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. पोलिसांकडे स्वमग्न रहिवाशांची यादी ठेवण्याच्या ज्या योजना निघतात, त्यांविषयीही मतभेद असेच विभागलेले आहेत. अनेक गोऱ्या पालकांना ती यादी संरक्षण वाटते. माझ्या परिचयातील कृष्णवर्णीय पालकांना आपल्या मुलाचे नाव पोलिसांच्या कोणत्याही यादीत नको असते.

प्रतिसाद: मिनेसोटाकर_अजित

मी मिनियापोलिसला राहतो. येथील सोमाली समाजाचा अनुभव या चर्चेत यायला हवा. २००८ च्या सुमारास सोमाली पालकांच्या लक्षात आले की विशेष शिक्षणाच्या वर्गांत आपली मुले फार दिसत आहेत. त्यांनी उत्तरे मागितली आणि यंत्रणेने ती देण्यास वेळ लावला. मिनेसोटा विद्यापीठाचा अभ्यास २०१३ साली आला. त्यात सोमाली मुलांत ३२ पैकी १ आणि गोऱ्या मुलांत ३६ पैकी १, म्हणजे जवळपास सारखेच प्रमाण आढळले. मात्र स्वमग्न सोमाली मुलांत बौद्धिक अक्षमता फार मोठ्या प्रमाणात होती. रेवाताईंनी दिलेल्या राष्ट्रीय आकड्यांशी हे जुळते.

मधल्या त्या पोकळीत लसविरोधक शिरले. अँड्र्यू वेकफिल्ड यांनी स्वतः येऊन सोमाली पालकांच्या भेटी घेतल्या. गोवराच्या लसीने स्वमग्नता होते, हा त्यांचा दावा वैद्यकाने केव्हाच फेटाळलेला होता आणि त्यांचा निबंधही २०१० साली मागे घेतला गेला होता. तरी मिनेसोटात जन्मलेल्या सोमाली मुलांत गोवराच्या लशीचे प्रमाण २००४ साली ९२ टक्के होते ते २०१४ साली ४२ टक्क्यांवर आले, आणि २०१७ साली गोवराची मोठी साथ आली. या पालकांना अडाणी म्हणणे सोपे आहे. माझ्या मते ज्यांना डॉक्टरांनी वेळेवर उत्तर दिले नाही, ते पहिले उत्तर देणाऱ्याचे ऐकतात. या देशातील कृष्णवर्णीयांच्या मनात आरोग्ययंत्रणेविषयी असलेल्या अविश्वासाला टस्कीगीसारखा पाया आहे, तिथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यसेवेने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचारांविना ठेवून नुसता पाहिला.

प्रतिसाद: सानिका_एडिसन

अजितजी, अविश्वासावरून आठवले. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी नातवाला विशेष वर्गात घालण्यास प्रथम कडाडून विरोध केला होता. मला ते अज्ञान वाटले होते. नंतर त्यांच्याच तोंडून ऐकले की वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालानंतर शाळा कागदोपत्री एकत्र झाल्या तेव्हा कृष्णवर्णीय मुलांना ‘मंदबुद्धी’ ठरवून त्याच इमारतीतल्या वेगळ्या खोलीत बसवले जाई, आणि त्यांचा सख्खा भाऊ त्या खोलीत शिकून निरक्षर बाहेर पडला.

प्रतिसाद: रेवा_मेरीलँड

सानिका, त्या आजींचे म्हणणे न्यायालयानेही मान्य केलेले आहे. कॅलिफोर्नियातील लॅरी पी. खटल्यात १९७९ साली न्यायालयाने बुद्ध्यंक चाचण्यांच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत टाकण्यास मनाई केली. आणि गंमत पाहा, किंवा गंमत म्हणू नये, अपंग मुलांच्या शिक्षणाचा जो हक्क १९७५ च्या कायद्याने देशभर मिळाला, त्यामागच्या दोन पायाभूत खटल्यांपैकी एक, १९७२ चा मिल्स खटला, वॉशिंग्टन शहरातील कृष्णवर्णीय मुलांचा होता. हक्क त्यांनी लढून मिळवला आणि त्याचा पुरेपूर लाभ इतरांना झाला.

हे सगळे दुःखद चित्र वाचून असे वाटू नये की कृष्णवर्णीय स्वमग्न माणसे केवळ आकड्यांत आणि खटल्यांत आहेत. लिडिया ब्राऊन, ई. ॲशकनाझी आणि मोरेनिके गिवा ओनाईवू यांनी २०१७ साली गौरेतर स्वमग्न लेखकांच्याच लेखनाचा जाड संग्रह संपादित केला. डेट्रॉइटमध्ये कॅमिल प्रॉक्टर यांनी आणि फ्लोरिडात मारिया डेव्हिस-पिअर यांनी, दोघी स्वमग्न मुलांच्या माता, कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी संस्था उभ्या केल्या. ऑटिझम सोसायटी ऑफ अमेरिकाने २०२१ साली एप्रिल महिन्याच्या नावात ‘जागरूकता’ काढून ‘स्वीकार’ आणला, ही मागणी स्वमग्न कार्यकर्ते दशकभर आधीपासून करत होते. मात्र त्या महिन्यात आमच्या शाळेच्या फलकावर जी छापील चित्रे लागतात, त्यांत गोरा, सोनेरी केसांचा लहान मुलगा असतो. वयात आलेला, उंच, कृष्णवर्णीय स्वमग्न मुलगा मी त्या फलकावर कधीही पाहिलेला नाही, आणि स्वीकाराची खरी परीक्षा त्याच वयात होते.

प्रतिसाद: प्राजक्ता_शिकागो

सर्व प्रतिसाद वाचले. मी शिकागोला राहते, माझ्या मुलीच्या वर्गातील एका कृष्णवर्णीय मुलाला पुन्हा पुन्हा घरी पाठवले जात आहे. त्याची आई माझ्या ओळखीची आहे. शाळा त्याला ‘भावनिक अस्थैर्य’ या सदरात ठेवू पाहते, आईचे म्हणणे स्वमग्नतेची तपासणी करा असे आहे. पुढच्या आठवड्यात बैठक आहे आणि तिने मला सोबत येशील का असे विचारले आहे. मला येथे बोलण्याचा अधिकार आहे काय, आणि मी काय करू शकते?

प्रतिसाद: रेवा_मेरीलँड

अवश्य जा. मुलाविषयी माहिती असलेली कोणतीही व्यक्ती पालक आपल्या सोबत आणू शकतात, संघराज्याच्या विशेष शिक्षण कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. तू येणार आहेस हे आईने शाळेला आधी लेखी कळवावे, म्हणजे दारात वाद होणार नाही.

तीन गोष्टींकडे लक्ष दे. स्वमग्नता हे स्वतंत्र सदर १९९० पासून कायद्यात आहे, तेव्हा ‘वैद्यकीय निदान आणा, मग पाहू’ असे शाळेने म्हटले तरी संशय आहे त्या प्रत्येक बाजूने तपासणी करण्याची जबाबदारी शाळेचीच आहे. शाळेने केलेली तपासणी आईला मान्य नसेल तर ती बाहेरच्या तज्ज्ञाकडून शाळेच्या खर्चाने तपासणी मागू शकते, आणि ती मागणीही लेखीच असावी. तिसरी गोष्ट निलंबनाची. मूल विशेष शिक्षणाखाली असेल, किंवा त्याला अपंगत्व असल्याची शाळेला आधीपासून कल्पना असेल, तर वर्षात दहापेक्षा अधिक शालेय दिवस बाहेर ठेवून त्याचे स्थान बदलण्याचा निर्णय झाला की दहा शालेय दिवसांच्या आत ते वर्तन अपंगत्वातून आले की नाही हे ठरवण्यासाठी बैठक घ्यावी लागते. सदर कोणते लिहिले आहे याला तिथे फार महत्त्व येते. ‘आज लवकर घेऊन जा’ असे फोन करून मुलाला घरी पाठवले आणि कागदावर नोंदच केली नाही, तर ते दिवस प्रत्यक्षात मोजणीतून निसटतात. आईला असे सगळे फोन तारखांसह एका वहीत लिहून बैठकीला आणायला सांग. बैठकीत तू शेजारी बसून केवळ टिपणे घेतलीस तरी चालेल. समोर कोणी लिहीत आहे हे दिसले की बोलणाऱ्यांची भाषा बदलते, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पुष्कळदा पाहिले आहे.